तोंडावर उजेड

बारकी काही बारीक नव्हती. गिरणीत लागली तेव्हा होती, नुसती काडी होती, म्हणून कुणीतरी तशी हाक मारली आणि ती जन्माची चिकटली. पुढे अंग सुटलं, केस पिकले, दोन मागांच्या मधल्या फटीतून कुशीवर होऊन जायची वेळ आली, तरी नाव तेच. ठेवणारा नाव ठेवून मोकळा होतो, वागवावं लागतं ते दुसऱ्यालाच.

तिचं काम कापडाच्या गिरणीत माग चालवण्याचं. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. सांगायला सोपं आहे, पण त्या शेडमध्ये एकदा सगळे माग धडधडायला लागले की कानाशी कुणी ढोल बडवला तरी कळू नये. मग माणसांनी बोलायचं कसं? तर आवाज काढायचाच नाही. तोंड चांगलं उघडायचं, ओठ नीट वळवायचे, प्रश्न असेल तर भुवया चढवायच्या, आणि समोरच्याने ओठांवरून समजून घ्यायचं. तिथल्या बायकांनी याच भाषेत एकमेकींची बाळंतपणं ऐकली, नवऱ्यांना शिव्या घातल्या, सासवांची उणीदुणी काढली. कुठे मागांच्या चार रांगा ओलांडून गप्पा चालायच्या. बारकी यात इतकी तयार झाली होती की मुकादम पाठमोरा असला तरी नुसत्या गालाच्या हालचालीवरून तो कुणाच्या आईचा उद्धार करतोय ते ती सांगायची.

या बोलण्याची एक रीत होती. बोलणारीने तोंड उजेडाकडे करायचं. पाठीमागे खिडकी ठेवून बोलणारीला अडाणी समजत. आणि एक सवय होती, ती या बायकांना गिरणीबाहेरही सुटली नाही. चारचौघांत काही खासगी बोलायचं असलं की त्या आवाज बंद करायच्या आणि नुसते ओठ हलवायच्या. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, कुठेही. बघणाऱ्याला वाटायचं, बायका काहीतरी चघळतायत.

बारकीचे कान कधी गेले हे तिलाही सांगता आलं नसतं. हळूहळू गेले. गिरणीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण तिथे सगळेच बहिरे. घरी मात्र ती खरोखरची बहिरी होती. घर म्हणजे भाच्याचं. भाऊ गेला, त्याच्यामागे त्याचा मुलगा आणि सून, आणि आतल्या खोलीत ही लग्न न झालेली आत्या. माणसं वाईट नव्हती हो. पण भाचेसून भांडी घासता घासता भिंतीकडे तोंड करून बोलायची, भाचा बुटाची नाडी बांधताना खाली मान घालून विचारायचा, आणि उत्तर आलं नाही की दोघं म्हणायची, "आत्या ऐकतच नाहीत." तेवढं वाक्य मात्र दोघं तिच्याकडे वळून म्हणायची, त्यामुळे ते तिला नेमकं समजायचं. शेवटी तिने बाहेरच्या खोलीत बसणंच सोडलं. लोक सुट्टीची वाट पाहतात, ही सोमवारची पाहायची.

एका गोष्टीवर मात्र ती तग धरून होती. गिरणीत तिच्या आजूबाजूच्या मागांवर तिघी मैत्रिणी होत्या. एक ताई, वयाने मोठी, अधिकारवाणीने बोलणारी, सगळ्यांचा आधार. दुसरी ताईच्या गेलेल्या भावाची बायको, म्हणजे ताईची भावजय, म्हणून सगळ्यांचीच वहिनी. आणि तिसरी फिरकी. देवाने तोंड दिलंय ते दुसऱ्याची फिरकी घ्यायलाच, अशी तिची समजूत होती, म्हणून हे नाव. या चौघींचं कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं की गिरणी सुटली की ताईच्या बैठ्या घरात चौघींनी एकत्र राहायचं. दोन खोल्या, मागे नळ, पुढे बसायला पायरी. मागांच्या धडधडाटात, ओठांनीच, त्यांनी ते घर शंभरदा लावलं आणि मोडलं होतं. भाजी वहिनी करणार, बाजार फिरकी आणणार. बारकीने त्यात एकच मागणी घातली होती, की खाटा अशा लावायच्या की पडल्या पडल्या चौघींना एकमेकींची तोंडं दिसतील. "आणि दिवा बारकीच्या हातात," फिरकी म्हणाली होती. "तिला बोलायचं नसलं की विझवेल, आपण बसू अंधारात घोरत."

त्या हिवाळ्यात बातमी आली की थंडी सरली की मागांची शेड बंद होणार, कायमची. बाकीच्या रडल्या. बारकी वरवर रडली आणि आतून तिला हलकं वाटलं. आता घर जवळ आलं.

दर हिवाळ्यात बॉयलर साफ करायला गिरणी काही दिवस बंद ठेवत, आणि या चौघी मोठ्या शहराच्या सहलीला जात. दुकानांच्या काचा बघायच्या, उंच इमारतींखाली मान मोडेपर्यंत उभं राहायचं, पाय दुखले की चहा प्यायचा. या वर्षीची सहल गिरणीतली शेवटची. ताई म्हणाली, "पुढच्या वर्षी घरातूनच निघू, एकाच दाराला कुलूप लावून." हे तिने निघण्यापूर्वी म्हटलं होतं, आणि मनापासून म्हटलं होतं, ते ध्यानात ठेवायला हवं.

कारण तोवर या तिघींनी पुरती बहिरी झालेल्या बारकीला गिरणीबाहेर असं सलग कधी पाहिलंच नव्हतं. आधीच्या सहलींत तिला थोडंफार ऐकू यायचं. या वर्षी काहीच येत नव्हतं.

पहिल्याच सकाळी लॉजवर घोटाळा झाला. बारकी न्हाणीघरात गेली, अंघोळ करून बाहेर आली, आणि गरम पाण्याचा नळ तसाच राहिला. बादली भरून वाहिली, पाणी दाराखालून बाहेरच्या बोळात गेलं. ती खोलीत एकटीच केस विंचरत बसली होती. मालक दार बडवत होता, शेजारच्या खोलीतली माणसं ओरडत होती, आणि ही आरशात बघून शांतपणे भांग पाडत होती. तिघी नाश्ता करून वर आल्या तेव्हा सगळा बोळ ओला आणि मालक लालबुंद. ताईने हातापाया पडून मिटवलं. फिरकी म्हणाली, "बारके, तू गंगा घरपोच आणलीस," आणि चौघी हसल्या. पण वहिनी जरा उशिरा हसली.

दुसरा प्रसंग रस्त्यावर घडला. शहरातले रस्ते रुंद, थंडीमुळे धुकं, आणि गाड्या कुठून उगवतील नेम नाही. बारकी एका दुकानाच्या काचेतले कोट बघत बघत फुटपाथवरून खाली उतरली. मागून बस येत होती. बसवाल्याने हॉर्न दाबून धरला होता, सगळा रस्ता वळून बघत होता, ही मात्र कोट बघत होती. ताईने दंडाला धरून तिला मागे खेचलं, दोघी पडता पडता वाचल्या. बारकीने वळून पाहिलं तर ताईचा चेहरा पांढराफटक. बारकी हसून म्हणाली, "अगं, आहे मी." ती हे फार मोठ्याने म्हणाली असावी, कारण पलीकडचे लोकही हसले. आपला आवाज किती निघतो हे तिला कळायचं बंद झालं होतं.

त्याच दुपारी चौघी एका मोठ्या चहाच्या दुकानात शिरल्या. रस्त्याच्या बाजूने छतापासून जमिनीपर्यंत काच, आत गरम हवा आणि तुडुंब गर्दी. काचेलगतचं टेबल मिळालं. चहा सांगितला आणि बारकीच्या लक्षात आलं की आपला मफलर शेजारच्या दुकानात राहिला, टोपी घालून बघताना काढून ठेवला होता. "मी येते," म्हणाली. ताई उठायला लागली तर बारकीने तिला खांदा दाबून बसवलं. रस्ता ओलांडायचा नव्हता, फुटपाथवरूनच जायचं होतं.

मफलर मिळाला. परत येताना ती काचेपाशी थांबली, कारण आत तिघी बसलेल्या दिसल्या आणि तिला बरं वाटलं. बाहेर थंडी, आत आपली माणसं आणि टेबलावर आपला कप. ती हात हलवणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष ओठांकडे गेलं.

तिघींनी आवाज बंद केला होता. हे तिला लगेच कळलं. आवाजात बोलणारं तोंड वेगळं असतं, ते आळशी असतं, अर्धंच उघडतं. गिरणीतलं तोंड पूर्ण उघडतं. आजूबाजूला गर्दी, बोलणं खासगी, म्हणून त्यांनी जन्माच्या सवयीने आवाज मिटला होता, आणि जन्माच्या सवयीनेच तोंडं उजेडाकडे केली होती. उजेड काचेतून येत होता आणि काचेबाहेर बारकी उभी होती. शहरातल्या कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसतं. जिच्यापासून लपवायचं, तिलाच कळेल अशा भाषेत गुपित बोलायचं, ही चूक त्या तिघीच करू जाणे. काचेपलीकडच्या माणसाला ऐकू येत नाही, एवढा साधा शहरी विचार त्यांनी केला असेल.

"उद्या गॅस चालू राहिला तर?" फिरकी म्हणत होती. "आपण तिघी बाहेर गेलेल्या. घरात ती एकटी."

"एकटीला ठेवायचंच नाही म्हटलं तर आपल्यापैकी एकीने कायम घरी," वहिनी म्हणाली. "मी सासूचं सगळं केलं, ताई, तुम्ही पाहिलंय. नवऱ्याचं केलं. आता आणखी कुणाचं करणं माझ्याने होणार नाही. वाईट म्हणा मला."

ताई कपात चमचा फिरवत होती. बारकी तिच्या ओठांकडे डोळे लावून उभी होती. ताई बोलली की सगळं ठीक होईल, असं तिला अगदी खात्रीने वाटलं. मुकादमाशी भांडायला कोण गेलं होतं? ताई. तापात तिचे माग कुणी सांभाळले होते? ताईने.

"आज बस तिच्या अंगावरच आली होती," ताई म्हणाली. "मला या वयात झेपणार नाही गं. तिला भाचा आहे. सख्खा आहे. घरात दोन माणसं आहेत."

"सांगणार कोण?" फिरकीने विचारलं.

"मी सांगते, परतताना. सहल तरी तिची नीट होऊ दे."

बारकीच्या पायाखालची जमीन सरकली, पण जमीन सरकली म्हणून माणूस काही पडत नाही, उभाच राहतो. तीही राहिली. मग मफलर गळ्याला गुंडाळून आत गेली. तिघींनी तोंडभर हसून जागा केली, आवाजात बोलायला लागल्या. वहिनीने आपला पाव मोडून अर्धा तिच्या बशीत ठेवला. बारकीला भूक लागली होती. तिने तो खाल्ला, आणि खाताना तिला स्वतःची इतकी किळस आली की घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं. "गरम आहे," ती म्हणाली. चहा केव्हाच निवला होता.

आता कुणी म्हणेल, तिने तिथेच का विचारलं नाही? विचारायला तोंड लागतं तसं पाठीशी काहीतरी लागतं. तिच्या पाठीशी भाच्याची आतली खोली होती. आणि खरं सांगायचं तर तिला अजून आशा होती. ठरवलंय ते मोडता येतं, आपण नीट वागून दाखवलं तर ताईचं मन फिरेल, असं तिने धरलं. मूग गिळून बसली ती त्यासाठीच.

मग उरलेली सहल तिने परीक्षेसारखी काढली. सगळ्यांआधी उठायची आणि नळ बंद आहे ना ते हात लावून बघायची. फिरकी आंघोळीला गेली तरी मागून जाऊन बघायची. रस्त्यावर दर चार पावलांना चोरासारखी मागे वळायची, त्यामुळे समोरच्या माणसांवर आपटायची. तिघी हसल्या की हीही हसायची. एकदा वहिनी आपल्या मेलेल्या नवऱ्याची आठवण काढून डोळे पुसत होती आणि लांबून नुसते दात दिसले, ती हसतेय असं वाटून ही हसली. वहिनीने बारकीच्या शालीचं टोक सारखं केलं. तिघी तिच्याशी इतक्या चांगल्या वागत होत्या की ते अंगावर येत होतं. खिडकीची जागा तिला, गरम पोळी आधी तिला, रस्ता ओलांडताना दोघी दोन बाजूंना. सरबराई एवढी वाढली की समजावं, हिशेब मिटवणं चाललंय.

शेवटच्या दिवशी उंच मनोऱ्यावर जायचं होतं, जिथून सगळं शहर दिसतं. बारकी म्हणाली, "तिकिटं मी काढते." ताईने नको म्हटलं, ही ऐकेना. खिडकीतल्या माणसाने मान खाली घालूनच काहीतरी विचारलं. तिने अंदाजाने "चार" म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा "चार" म्हटलं, जरा जोरात. तो काहीतरी वेगळंच विचारत होता. मागच्या रांगेत खसखस पिकली. एक पोरगी कानाशी बोट फिरवून दाखवत होती. बारकी आणखी मोठ्याने "चार, चार" म्हणत राहिली, कारण दुसरं काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. शेवटी ताई पुढे झाली, तिला हळूच बाजूला केलं आणि त्या माणसाशी बोलली.

बारकीने फिरकीकडे पाहिलं. आता ही काहीतरी बोलेल. चार तिकिटं, चार पोरं, काहीतरी. गिरणीत एवढ्या ऐवजावर फिरकीने आठवडा काढला असता. फिरकी जमिनीकडे बघत होती. तेव्हा बारकीची आशा संपली. ज्याची थट्टा करतो तो आपल्यातला असतो. तिची थट्टा बंद झाली होती.

वर गेल्यावर सगळं शहर धुक्यात होतं. काहीच दिसलं नाही. तिघी तरी म्हणत राहिल्या, किती छान.

परतीची बस दुपारी सुटली. बारकीला खिडकी दिली होतीच. घरं विरळ झाली, उघडी शेतं लागली, आणि ताई उठून तिच्या शेजारी येऊन बसली. बारकीने डोळे मिटले. इतरांना ऐकायचं नसलं तर कानात बोटं घालावी लागतात, तिला डोळे मिटले की पुरे होतं. जोवर मिटलेत तोवर कुणी तिला काही सांगू शकत नव्हतं, घर अजून चौघींचं होतं, खाटा समोरासमोर होत्या. बस हिसके देत होती. ताईच्या दंडाची ऊब लागत होती. तिला तसंच मरून जावंसं वाटलं, अगदी साधेपणाने, जसं एखाद्याला झोपावंसं वाटतं.

पण किती वेळ मिटणार? ताईने तिच्या हातावर हात ठेवला आणि काढला नाही. बारकीने डोळे उघडले. ताईने तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं होतं, नीट, रीतीप्रमाणे.

"बारके, घराचं बोलायचं होतं," ती म्हणाली. ओठांनीच. बस भरलेली होती ना.

"आवाजात सांग," बारकी म्हणाली.

ताईने इकडेतिकडे पाहिलं. "माणसं आहेत गं."

"असू देत."

"अगं, तुला कुठे ऐकू येणार आहे?"

"मला नाही येणार. तुला येईल."

पुढच्या सीटवरच्या वहिनीने आणि फिरकीने माना वळवल्या होत्या. बारकीने हात उचलला आणि बोटं ताईच्या गळ्यावर ठेवली. जन्मभर गाठी मारून टोकं खरखरीत झालेली बोटं, पण धागा किती ताणलाय ते त्यांना अजून समजायचं.

ताईचे ओठ हलले. "आम्ही तिघीच राहायचं ठरवलंय." बोटांखाली काहीच हललं नाही.

"आवाज नाही," बारकी म्हणाली.

ताईने पुन्हा ओठ हलवले. पुन्हा गळा गप्प. बारकीने बोटं काढली नाहीत. तिची समजूत अशी होती की आवाजात हे ताईच्या तोंडून निघणारच नाही. अडेल, आणि एकदा अडलं की मोडेल. ताई तिला जवळ घेईल आणि म्हणेल, जाऊ दे, बघू काय होतं ते. एवढ्यावर ती बसली होती.

मग बोटांखाली थरथर उठली. आधी थोडी, मग चांगली जोरात.

"तुला आम्ही बरोबर नेत नाही, बारके."

वाक्य पुरं झालं. ते चांगलं स्पष्ट निघालं असावं, कारण पलीकडच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला, आणि फिरकीने तोंडावर हात धरला. बारकीने बोटं खाली घेतली, मांडीवर ठेवली.

"बरं," ती म्हणाली. किती मोठ्याने ते तिला कळलं नाही.

ताई त्यानंतर बरंच काही बोलली म्हणे. रडली, दर रविवारी येऊन नेईन म्हणाली, शपथा घेतल्या. वहिनीही मागे वळून बोलत होती. बारकी खिडकीकडे तोंड करून बसली होती.